रहिवासी दाखला

परमुलखात राहणारा आमचा खान्देशी माणूस सुटीवर घरी आला, की पहिल्या दिवशी तिकडच्या रस्त्यांबद्दल बोलतो, दुसऱ्या दिवशी हवेबद्दल आणि तिसऱ्या दिवशी, जेवताना कुणी टीव्ही लावला की, तिकडच्या बातम्यांबद्दल. आपल्या पडद्यावर सहा चौकटींत सहा जण एकदम बोलत असतात, खालून लाल पट्टी पळत असते, मागे ढणढण वाजत असतं. कळण्याच्या भाकरीचा तुकडा हातात धरून पाहुणा थांबतो आणि म्हणतो, "तिकडे असं नसतं. एक जण विचारतो, दुसरा उत्तर देतो, मधे कुणी तोंड घालत नाही." घरातले सगळे माना डोलावतात. लंडन असो, न्यू जर्सी असो, सिंगापूर असो की दुबई, अभिप्राय ठरलेला: तिकडच्या इंग्रजी बातम्या शांत, नीटनेटक्या, सभ्य.

माझं आयुष्य धुळ्यात शाळेतल्या मुलांना भूगोल शिकवण्यात गेलं. चार ठिकाणचे तापमापक अगदी एकच आकडा दाखवू लागले, तर हवेचं कौतुक करण्याआधी तापमापक तपासावेत, एवढं त्या विषयाने शिकवलं. म्हणून हल्ली मी पाहुण्याला हळूच विचारतो, "बरं, मग निघालास त्या आठवड्यात तिकडे बातमी काय होती?" माणूस गडबडतो. एकाने बराच विचार करून सांगितलं, "बर्फ पडणार होता." सभ्यता लक्षात राहिली होती, बातमी राहिली नव्हती.

माझी मावशी रावेरकडची, केळीच्या बागांत वाढलेली, भुसावळात दिलेली. मुलाकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला, तिने एक अख्खा उन्हाळा काढला. इंग्रजी तिला स्टेशनवरच्या पाट्यांपुरतं येतं. पण तिथल्या स्थानिक बातम्या ती नेमाने बघायची, कारण त्यात नकाशा होता आणि नकाशावर आकडे होते. एके संध्याकाळी निवेदिकेने चेहरा गंभीर केला, नकाशा लाल झाला आणि त्यावर ९५ उमटलं. वृद्धांनी घराबाहेर पडू नये, पाणी पीत राहावं, शेजारी एकटं कुणी राहत असेल तर विचारपूस करावी. मुलाने समजावून सांगितलं: उष्णतेची लाट आहे, फॅरनहाइटमधले ९५ म्हणजे आपले ३५. मावशी आधी गप्प झाली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "व माय! पस्तीसला तर आपल्याकडे पंखा एक नंबरवर असतो." भुसावळचा मे महिना ४५ पर्यंत चढतो, त्या नकाशावर तो ११३ दिसला असता आणि बिचाऱ्या निवेदिकेला त्याहून लाल रंग सापडला नसता.

तरी मावशीला त्या बातम्या मनापासून आवडल्या. ती बाई कपडे चांगले घालते, हळू बोलते, म्हाताऱ्यांची काळजी करते. तिचं मत ऐकताना माझ्या ध्यानात आलं, की त्या पडद्यावरून मावशीच्या केसालाही धक्का लावू शकेल असं काही येणारच नव्हतं. तिथला कर वाढला काय, शाळा बंद पडली काय, परतीचं तिकीट तिच्या पर्समध्ये होतं. पाहुणीला घर छानच दिसतं. गळकं छप्पर घरमालकाला दिसतं.

तिच्याच शेजारी सोफ्यावर बसणारा तिचा मुलगा तोच पडदा निराळ्या डोळ्यांनी बघतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत तो इतकी वर्षं उभा आहे, की रांगेत लागला तेव्हा पाळण्यात असलेली पोरगी आता गाडी चालवायला शिकते आहे. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. संध्याकाळी तिथल्या वाहिन्यांवर बातमी झळकली: त्याच्यासारखे लोक ज्यावर तिथे नोकरी करतात, त्या एच-१बी व्हिसासाठी कंपन्यांना एक लाख डॉलर भरावे लागणार, अंमल रविवार लागताच. वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी ही रक्कम दरवर्षीची असल्याचं सांगितलं. सुटीवर भारतात आलेल्यांची मिळेल त्या विमानाने परतायची धांदल उडाली. तिकडून निघालेल्यांतले काही विमानात बसलेले उतरले. शनिवारी व्हाइट हाउसने खुलासा केला, की रक्कम एकदाच घ्यायची आहे, तीही नव्या अर्जांवर. मधल्या काळात माझा मावसभाऊ एका वाहिनीवरून दुसरीवर जात राहिला. सगळीकडे तज्ज्ञ मंडळी शांतपणे, एकमेकांना न तोडता बोलत होती: अमेरिकन कामगाराचा यात फायदा किती, कंपन्यांचा तोटा किती, निवडणुकीच्या राजकारणात याचा अर्थ काय. त्याचा प्रश्न मात्र एका ओळीचा होता: सोमवारी मी कामावर जायचं का? तो कुणी घेतला नाही. बातमी त्याच्याबद्दल होती, पण त्याला उद्देशून नव्हती. "त्या रात्री पहिल्यांदा त्यांचा शांतपणा डोक्यात गेला," तो मला म्हणाला.

हे वाक्य मी जपून ठेवलं, कारण साधारण हेच मी इंग्लंडातल्या भाच्याकडून ऐकलं होतं. भाचा जळगावचा. रेडिंगला गेला तेव्हा बीबीसीच्या दहाच्या बातम्या त्याला पूजेसारख्या वाटायच्या. फोनवर मला सांगायचा, "मामा, काय तो आवाज! काय ते उच्चार!" मग ते बदलत गेलं. पहिलं कारण पैशाचं. ब्रिटनमध्ये टीव्हीवर कुठलीही वाहिनी थेट बघायची तर वर्षाला परवाना फी भरावी लागते आणि त्यावर मुख्यतः बीबीसी चालते. २०२५ साली ती १७४ पौंड ५० पेन्स होती. आपले वीस हजार रुपये धरा. खिशातून पैसे गेले की खान्देशी माणूस मालाकडे निरखून बघतो, मग ती केळी असोत की बातमी.

दुसरं कारण मताचं. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांतल्या नागरिकांना तिथे मतदानाचा अधिकार आहे. भारतीय पासपोर्ट खिशात ठेवून माझ्या भाच्याने २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की नाही, यावर मत दिलं. वर्षानुवर्षं तिथे राहिलेल्या फ्रेंच किंवा पोलिश शेजाऱ्यांना ते देता आलं नाही. मतदानाआधीचे दोन महिने तो टीव्हीसमोर बसून अक्षरशः भांडला. एका बाजूने खोटा आकडा फेकला, की निवेदक तो खोटा आहे असं सांगण्याऐवजी दुसऱ्या बाजूच्या माणसाला तेवढाच वेळ देऊन मोकळा होतो. याला का तटस्थपणा म्हणायचं? एवढं रागावून तो मला पूर्वी कधी इंग्लंडबद्दल बोलल्याचं आठवत नाही. आवाज तोच होता, उच्चार तेच होते. ऐकणारा मतदार झाला होता.

परदेशाला पासपोर्ट लागतो असं आपण समजतो. पण खान्देशातून परमुलखात जाण्याची जुनी वाट तापीकाठच्या रेल्वेने सुरतेला जाते. जळगाव, धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर आणि मग उधना. विसाव्या शतकाच्या तोंडावर ही लाइन झाली आणि गेल्या पन्नासेक वर्षांत मागांवर, साड्यांच्या कारखान्यांत काम शोधणाऱ्या आमची कितीतरी माणसं तिने वाहून नेली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत चहाच्या टपरीवर आजही अहिराणी ऐकू येते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीतून लोकसभेवर निवडून जातात. त्या मतदारसंघात सुरतेचे हेच भाग येतात.

शिंदखेड्याचे आमचे आप्पा त्या गाडीने तरुणपणी गेले आणि सुरतेचे झाले. नेमके कधी झाले, ते मी पाहिलं आहे. सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. मृत्यू पन्नासच्या आसपास, पण भीती जगभर. आखाती देशांनी भारताची विमानं थांबवली. आप्पा मुलाबाळांना घेऊन धुळ्याला आमच्याकडे आले. गल्लीत नुकतंच केबल आलं होतं आणि त्यावर स्टारच्या कृपेने बीबीसी दिसायची. रात्री आम्ही सगळे टीव्हीसमोर. तोंडाला फडकं बांधलेली गर्दी, रेल्वेचा फलाट, मग एका कचऱ्याच्या ढिगापुढे उभा असलेला गोरा बातमीदार. मी त्याच्या इंग्रजीवर खूश. वाक्य कसं बांधतो, कुठे थांबतो, शब्द कसा नेमका टाकतो! दुसऱ्या दिवशी नववीच्या पोरांना ऐकवायला मी दोन-तीन वाक्यं मनात घोळवत होतो. आप्पांना इंग्रजी कळत नव्हतं. ते ढिगाकडे बघत होते. तो कोपरा त्यांच्या ओळखीचा निघाला. ते एकदम उठून बसले. "हाऊ कचरा काही आजना नही शे! इतला दिन कोठे व्हता हाऊ?"

आप्पांचा शब्दन् शब्द बरोबर होता. ढीग वर्षानुवर्षं तिथे होता. महापालिकेला आप्पांच्या गल्लीने अर्ज केले होते. बातमीदार बरोबर होता, पण तो आजच आला होता. माझ्यापुढे भाषेचा पाठ चालू होता आणि आप्पांच्या पुढे त्यांचं घर होतं. पुढच्या दोन वर्षांत महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी सुरत धुऊन काढली, त्याची कहाणी आप्पा आजही छाती फुगवून सांगतात. शहराच्या बदनामीने ज्याला राग आला होता, त्यालाच शहराच्या कौतुकाचा अभिमान वाटला.

पावसाळ्यात आप्पांचा फोन ठरलेला. हतनूरचे किती दरवाजे उघडले? भुसावळजवळच्या त्या धरणाला ४१ दरवाजे. तिथून सुटलेलं पाणी सारंगखेडा, प्रकाशा करत उकाईला पोचतं आणि उकाईने पाणी सोडलं की सुरत जागी राहते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून आलेल्या पाण्याने जवळजवळ सगळं शहर बुडवलं होतं. तेव्हापासून गुजराती वाहिन्यांवर आप्पांचा भरवसा नाही. "ते उकाईपासून सुरू करतात," असं त्यांचं म्हणणं, "पाणी तर हतनूरपासून निघतं." लिंबायतेत दर पावसाळ्यात खाडी भरून घरांत पाणी शिरतं, तेव्हाही वाहिनीचा कॅमेरा मोठ्या पुलावर का उभा राहतो आणि गल्लीत का येत नाही, यावर ते गुजरातीत भांडतात. अहिराणी त्यांची घरची बोली, पण सुरतेवर रागावायचं झालं की तोंडून गुजरातीच येते.

इतिहासात मागे गेलं, तर परमुलखातला माणूस आणि बातमी यांची गाठ खान्देशाने उलट्या अंगानेही पाहिली आहे. १८२५ साली जेम्स आउट्रम नावाचा तरुण इंग्रज अधिकारी भिल्ल पलटण उभारायला खान्देशात आला आणि धरणगावात तळ ठोकून दहाएक वर्षं राहिला. त्या काळी विलायतेची बातमी केपला वळसा घालून जहाजाने येई, मग मुंबईहून डाकेने. चार-सहा महिन्यांचं शिळं वर्तमान. तरी असे अधिकारी त्याच कागदाची वाट बघत. अवतीभवती घडे त्याचा ते वरिष्ठांना अहवाल धाडत. वर्तमान म्हणून वाचत ते आपल्या मायदेशाचं. इथे राहून, इथली भाषा शिकून, वाघ मारून, माणसांवर हुकूम चालवूनही ते इथले झाले नाहीत, याचं एक कारण मला त्या डाकेच्या थैलीत दिसतं.

आज ती थैली प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तिला सहा महिने सोडा, सहा सेकंद लागत नाहीत. एडिसनच्या किराणा दुकानात केळी घेता घेता सावद्याचा केळीचा भाव कळतो. कापूस काय क्विंटल, जळगावच्या सराफ बाजारात सोनं काय तोळा, वाघूर किती टक्के भरलं, धुळ्याला पांझरेला पाणी आलं का. आमच्या गावचा कुणी पोरगा माइक धरून यूट्यूबवर सांगतो आणि रेडिंगमध्ये भाच्याचा शेजारी, तोही चाळीसगावचा, ते रोज ऐकतो. वीस वर्षं इंग्लंडात आहे. तिथल्या नगरपालिकेत कोण निवडून आलं, ते त्याला ठाऊक नाही. तिथल्या बातम्यांबद्दल विचारलं तर म्हणतो, "फार छान असतात." माझ्या लेखी तो अजून मुंबई विमानतळावरच आहे.

पण दूर कशाला जायचं? दिल्ली-नोएडाहून चालणाऱ्या इंग्रजी वाहिन्या धुळ्यात बसून मी इतकी वर्षं पाहिल्या त्याही परदेशी पाहुण्यासारख्याच. दूरदर्शनच्या काळात आम्ही शिक्षक पोरांना सांगायचो, इंग्रजी बातम्या ऐका, उच्चार सुधारतील. बातमी सुधारते की बिघडते हा प्रश्नच नव्हता. जुलै २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा त्याच वाहिन्यांवर जळगावचं नाव आलं आणि आम्ही हरखलो. १९६२ साली जळगावातून आमदार झालेल्या ताईंची ओळख त्या निवेदकांनी कशी करून दिली, काय गाळलं, इकडे माझं लक्षच नव्हतं. नाव घेतलं हेच पुष्कळ. पाहुण्याला पाटावर बसवलं की तो पाट कसला, ते विचारत नाही.

माझी पाहुणचाराची मुदत २२ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी संपली. पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनाजवळ लखनौहून मुंबईला जाणारी पुष्पक एक्स्प्रेस थांबली. आग लागल्याच्या अफवेने माणसं रुळांवर उतरली आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांना उडवलं. डझनभर जीव गेले. त्यांत पोटासाठी मुंबईला निघालेले नेपाळी होते. तासाभरात जगातल्या इंग्रजी वाहिन्यांवर जळगाव आलं. भाच्याने रेडिंगहून फोन केला, मावसभावाने एडिसनहून. मी एक वाहिनी लावून बसलो होतो. निवेदक नेटकं बोलत होता. मागे नकाशा आणि नकाशावर लाल ठिपका. ठिपका तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या अंगाला. पाचोरा तापीच्या दक्षिणेला आहे, गिरणेच्या बाजूला. मधे अर्धा जिल्हा पडतो. मेलेली माणसं आपल्या ठिपक्यावरही राहिली नाहीत, असं काहीतरी मला वाटलं आणि आयुष्यभर ज्या इंग्रजीपुढे मान तुकवली तिच्यावर मी मोठ्याने ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

त्या रात्रीनंतर मला आपल्या वाहिन्यांच्या आरडाओरड्याचाही एक अर्थ लागला. त्या आपल्या वतीने रागावतात. चौकटीतला माणूस शिरा ताणतो, टेबल आपटतो, देशाचा हिशेब मागतो आणि दहाला कार्यक्रम संपला की आपण मोकळे. राग तयार मिळत असेल तर घरी कोण शिजवणार? धुळ्यात नळाला पाणी कितीतरी दिवसांनी एकदा येतं. त्यावर पानभर पत्र लिहिणारे वाचक स्थानिक दैनिकांत पूर्वी नेहमी दिसत. आता त्याच गल्ल्यांतून रात्री नऊला कुठल्याशा दूरच्या सरहद्दीवरचा संताप ऐकू येतो. तिकडचा शांतपणा नि इकडचा गोंगाट यांतलं चांगलं कोणतं, हा वाद म्हणूनच मला पोकळ वाटतो. बातमी शांत असो की गोंगाटाची, ऐकणाऱ्याला स्वतःचा राग येतो की नाही, तो कोणत्या नाक्यावर, कोणत्या नळावर, कोणत्या कराच्या पावतीवर येतो, यावरून माणूस कुठे राहतो ते ठरतं. तलाठ्याचा दाखला त्याच्यानंतर.

गेल्या महिन्यात भाच्याने बीबीसीकडे रीतसर तक्रार केली. तशी सोय तिथे आहे; वेबसाइटवर अर्ज असतो, उत्तर येतं, पटलं नाही तर पुढे दाद मागता येते. त्याच्या भागातल्या इस्पितळात रुग्णांना किती थांबावं लागतं, यावरच्या बातमीत त्याच्या मते महत्त्वाचं तेच गाळलं होतं. आलेल्या उत्तराने त्याचं समाधान झालं नाही, म्हणून त्याने दुसऱ्यांदा लिहिलं. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, घाबरून मला फोन केला. "दादा, एवढा त्या देशाचं कौतुक करायचा, आता रोज चिडतो. पोराचं तिकडे काही बिनसलं तर नसेल ना?"

मी म्हटलं, "बिनसलं नाही गं, बस्तान बसलं. आता तो परत येईल ही आशा सोड, आणि पुढच्या खेपेला जाशील तेव्हा त्याच्या घरी सहा महिने राहायच्या तयारीने जा."